वायफाय जोडलं जातं, पण लॉगिनचं पान काही उघडत नाही!

शेवंती (सोमवार, ११:२०)

मंडळी, मदत हवीये. घरात रंगकाम काढलंय, त्यामुळे हा आठवडा लॅपटॉप घेऊन वाचनालयात मुक्काम. तिथे सगळ्यांसाठी मोफत वायफाय आहे. पासवर्ड नाही. यादीतून नाव निवडायचं, आपोआप एक पान उघडतं, त्यात वाचनालयाच्या कार्डाचा नंबर टाकायचा, झालं.

मोबाइलवर हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. लॅपटॉपवर मात्र ते पानच उघडत नाही. नावाखाली 'कनेक्टेड' दिसतं आणि त्याच्याच पोटात 'नो इंटरनेट'. जोडलंय म्हणायचं आणि नाहीही म्हणायचं! घरच्या वायफायवर हाच लॅपटॉप व्यवस्थित चालतो. विंडोज ११ आहे, ब्राउझर क्रोम. काउंटरवरच्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "बाकी सगळ्यांचं चालतंय." म्हणजे दोष माझ्याच पदरात.

परवा भाषांतराचा मजकूर पाठवायचाय. कुणी सांगेल का?

दीडदमडी (सोमवार, ११:२६)

बंद करून चालू केलात का?

(हलकेच घ्या. पण खरंच केलात का?)

शेवंती (सोमवार, ११:३१)

दोनदा. तिसऱ्यांदा करायला गेले तर शेजारचे आजोबा कीव आल्यासारखे बघायला लागले.

सावध_हरणी (सोमवार, ११:४०)

माझं ऐकाल तर जोडूच नका. अशा फुकटच्या वायफायवर बसलेलं कुणीही तुमचे पासवर्ड वाचू शकतं. मोबाइलचं हॉटस्पॉट वापरा आणि मोकळ्या व्हा.

वायरवाला (सोमवार, १२:०५)

शेवंतीताई, घोडं नक्की कुठे पेंड खातंय ते आधी शोधू. अशा वायफायवर लॅपटॉपला तीन उंबरठे ओलांडावे लागतात आणि प्रत्येक ठिकाणी अडकण्याची लक्षणं वेगळी.

पहिला उंबरठा रेडिओचा. लॅपटॉपने वायफायच्या डब्याशी हात मिळवला की 'कनेक्टेड' दिसतं. या शब्दाचा अर्थ तेवढाच, त्याहून जास्त काही नाही. इंटरनेटचा त्यात अजून संबंधच आलेला नाही.

दुसरा पत्त्याचा. तिथला राउटर तुमच्या लॅपटॉपला एक आयपी पत्ता देतो. ही पत्ते वाटण्याची पद्धत म्हणजे डीएचसीपी. पत्ता मिळाला नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता लावून घेतं. तो दिसला की समजायचं, समोरून पत्ता मिळालेला नाही. गर्दीच्या ठिकाणी बऱ्याचदा वाटायचे पत्तेच संपलेले असतात. साध्या मांडणीत एका जाळ्यात २५४ पत्ते असतात आणि गेलेल्या माणसांचे पत्ते मुदत संपेपर्यंत अडकून राहतात.

तिसरा उंबरठा द्वारपालाचा. कार्डाचा नंबर मागणारं तुमचं ते पान. त्याला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात.

आता एवढं करा. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा, त्यात आयपीकॉन्फिग /ऑल द्या. वाय-फाय या मथळ्याखाली आयपीव्ही४ ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस सर्व्हर्स असं दिसेल. ते तीन आकडे इथे लिहा. हे आतल्या जाळ्याचे पत्ते असतात, बाहेर कुणाला त्यांचा उपयोग नाही, घाबरू नका.

दुसरं, ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका आणि काय दिसतं ते शब्दशः सांगा.

मेघछाया (सोमवार, १२:१८)

मॅकवाल्यांसाठी: असं झालं तर सफारीत कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉम हाताने टाका. पोर्टल असेल तर पान येतं, नसेल तर पांढऱ्या पानावर नुसतं 'सक्सेस'. आपोआप उघडणारी छोटी खिडकी कधी कधी लॉगिन व्हायच्या आतच मिटते किंवा आपणच घाईत मिटवतो आणि मग मॅक ते वायफायच सोडून देतो. तेव्हा हे कामाला येतं.

नवखा_०७ (सोमवार, १२:३०)

वाचतोय.

शेवंती (सोमवार, १४:१०)

वायरवाला, हे घ्या. काळ्या खिडकीत टाइप करताना उगाच हेरखात्यात असल्यासारखं वाटलं.

आयपीव्ही४ ॲड्रेस: १०.४०.३.११७
डिफॉल्ट गेटवे: १०.४०.०.१
डीएनएस सर्व्हर्स: १.१.१.१

आणि तुम्ही सांगितलेलं संकेतस्थळ उघडलंच नाही. राखाडी अक्षरांत 'धिस साइट कान्ट बी रीच्ड' आणि खाली बारीक अक्षरात 'डीएनएस प्रोब फिनिश्ड नो इंटरनेट'. जीमेल टाकलं तरी तेच.

वायरवाला (सोमवार, १४:२५)

सापडलं. तिसरी ओळ बघा. हा १.१.१.१ कुणी टाकला?

शेवंती (सोमवार, १४:२८)

मला काय माहीत! थांबा. गेल्या सुट्टीत भाचा आला होता. "मावशी, तुझं नेट किती हळू आहे" म्हणत काहीतरी 'सेट' करून गेला होता.

दीडदमडी (सोमवार, १४:३०)

प्रत्येक घरात एक भाचा असतो. मीही कुणाचा तरी होतो, अजून त्यांचा प्रिंटर चालत नाही.

वायरवाला (सोमवार, १५:०२)

भाच्याने वाईट काही केलेलं नाही, उलट घरी ते चांगलंच चालतंय. पण इथे नेमकं तेच आडवं आलं. कसं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी दुसरीकडे अडलं तरी तुमचं तुम्हाला सुटेल.

आपण संकेतस्थळाचं नाव लिहितो, लॅपटॉपला मात्र आकडी पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणारा तो डीएनएस. एरवी हे काम कुणाकडे द्यायचं ते वायफायच सांगतं. पत्ता देताना सोबत "नावं मला विचार" असंही कळवतं. तुमच्या लॅपटॉपला मात्र भाच्याने कायमचं सांगून ठेवलंय की दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही, फक्त १.१.१.१ ला. ही क्लाउडफ्लेअर या कंपनीची सार्वजनिक डीएनएस सेवा. आता वाचनालयाच्या जाळ्यात लॉगिन होईपर्यंत बाहेरचा कुठलाच पत्ता गाठता येत नाही. लॅपटॉप नाव विचारतोय बाहेरच्याला, दार बंद, उत्तर नाही. उत्तर नाही म्हणून पान नाही, पान नाही म्हणून लॉगिन नाही, आणि लॉगिन नाही म्हणून दार बंद. फिरून तिथेच.

मोबाइलवर हे सेटिंग नाही, म्हणून तिथे चाललं.

उपाय: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज. तिथे 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' समोर 'मॅन्युअल' असेल. एडिट दाबून 'ऑटोमॅटिक (डीएचसीपी)' करा. मग वायफाय तोडून परत जोडा.

अवांतर: १.१.१.१ ची गंमत अशी की, क्लाउडफ्लेअरने ही सेवा १ एप्रिल २०१८ ला सुरू केली. त्याच्या कितीतरी आधीपासून सिस्को कंपनीच्या वायफाय कंट्रोलरवर (अनेक डबे एकत्र चालवणारं यंत्र) लॉगिनच्या पानासाठी हाच पत्ता लावायची सवय लोकांना लागलेली होती. 'हा तर कुणीच वापरत नाही' म्हणून. मग सेवा सुरू झाली आणि कित्येक हॉटेलांतून, कार्यालयांतून ती गाठताच येईना, कारण तिथे १.१.१.१ म्हणजे त्यांचं स्वतःचंच दार! अशी जुनी मांडणी अजूनही कुठे कुठे भेटते.

शेवंती (सोमवार, १५:२०)

आलंऽऽ! पान आलं! कार्डाचा नंबर टाकला, हिरवी खूण आली. शेजारचे आजोबाही खूश झाले.

वायरवाला, तुमचे आभार कसे मानू? आणि एक शंका. मी पान हाताने उघडलंच नाही, परत जोडल्याबरोबर आपोआप आलं. लॅपटॉपला कसं कळतं की इथे असं पान आहे?

वायरवाला (सोमवार, १६:१०)

फार छान प्रश्न. लॅपटॉप एक छोटीशी परीक्षा घेतो.

जोडणी झाली रे झाली की विंडोज गुपचूप मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक चिमुकली मजकूर-फाइल मागवतं. त्या फाइलमध्ये तीनच शब्द आहेत: 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट'. ते तीन शब्द जसेच्या तसे आले, म्हणजे रस्ता मोकळा. त्यांच्याऐवजी दुसरंच काही आलं, म्हणजे मधे कुणीतरी बसलंय. मग विंडोज ब्राउझर उघडून तुम्हाला त्या मधल्याच्या समोर उभं करतं. काहीच आलं नाही तर 'नो इंटरनेट'. तुमच्याकडे हे तिसरं झालं होतं. ॲपलवाले 'सक्सेस' हा शब्द शोधतात. अँड्रॉइड तर मजकूर मागतच नाही. त्याला २०४ या क्रमांकाचं कोरं उत्तर हवं असतं, कोऱ्याऐवजी काही लिहिलेलं आलं की तो ओळखतो.

आता यातली खरी मेख. ही फाइल मुद्दाम साध्या एचटीटीपीवरून मागवतात. पानं ने-आण करायची ही पद्धत कुलूप नसलेली, म्हणजे मधल्याला वाचता आणि बदलता येणारी. कारण कॅप्टिव्ह पोर्टल म्हणजे तांत्रिकदृष्ट्या चक्क टपाल फोडणं आहे. तुम्ही पत्र एकाला लिहिलंत, ते मधेच अडवून तिसऱ्यानेच उत्तर धाडलं. कुलूपबंद एचटीटीपीएसवर हे करता येत नाही, केलं तर ब्राउझर बोंब मारतो. त्यामुळे लॉगिन न करता जीमेल उघडायला गेलं तर पान येत नाही, नाहीतर 'तुमची जोडणी खाजगी नाही' अशी लाल पाटी येते. नेव्हरएसएसएल त्यासाठीच सांगितलं होतं. त्या संकेतस्थळाला जन्मभर कुलूप लावायचं नाही असंच त्यांनी ठरवलंय, म्हणून द्वारपालाला ते अडवता येतं.

म्हणजे बघा, आपलं रक्षण करणाऱ्या जेवढ्या गोष्टी आहेत, स्वतःचा डीएनएस, एचटीटीपीएस, व्हीपीएन (सगळी वाहतूक कुलूपबंद करून दुसऱ्या कुणामार्फत नेणारा बोगदा), त्या सगळ्या या पानाच्या मुळावर उठलेल्या. यात चूक कुणाची नाही. दोघंही आपापलं काम चोख करतायत.

यातून सभ्य मार्ग निघालाय. राउटरने पत्ता देतानाच "लॉगिनचं पान अमुक ठिकाणी आहे" असं सरळ सांगून टाकायचं, टपाल फोडायची गरजच नाही. २०२० साली त्याचं मानकही ठरलं. पण डबे बदलणार कोण?

पेंग्विनदास (सोमवार, १८:४५)

वायरवालाशी सहमत. माझी लढाई ऐका, लिनक्सवाल्यांना उपयोगी पडेल.

एका मोठ्या रेल्वे स्थानकात थांबलो होतो, गाडीला तीन तास. वायफाय जोडलं, पत्ता मिळाला, डीएनएस ऑटोमॅटिक, व्हीपीएन बंद, सगळं यथासांग. मोबाइलवर पोर्टल येतंय, लॅपटॉपवर पांढरं पान. नावाचा पत्ताही नीट मिळतोय: पोर्टल १७२.१७ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर. पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून बघितली, तर उत्तर शून्य. तासभर डोकं आपटलं. शेवटी रस्त्यांची यादी काढली आणि कपाळावर हात मारला. माझ्या लॅपटॉपवर डॉकर होतं (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद कप्प्यांत चालवायचं साधन), आणि डॉकर स्वतःचं एक आतलं जाळं उभं करतं, १७२.१७.०.० पासून. स्थानकाचं जाळंही नेमकं तेच! लॅपटॉपच्या दृष्टीने १७२.१७ म्हणजे घरातलीच खोली. त्यामुळे पोर्टलसाठी निघालेलं प्रत्येक पाकीट दाराबाहेर पडायचंच नाही, स्वयंपाकघरातून फिरून माजघरात.

डॉकरचा तो पूल खाली उतरवला (आयपी लिंक सेट डॉकर० डाउन), दोन सेकंदांत पान हजर. पुढे डॉकरला दुसरा पट्टा नेमून दिला, तेव्हापासून कटकट नाही.

गाडी मात्र तोवर लागली होती.

सावध_हरणी (सोमवार, २१:१५)

हे सगळं ठीक. पण मी वर म्हटलं त्याचं उत्तर कुणी दिलंच नाही. जोडायचं कसं यावर वीस प्रतिसाद, जोडावं का यावर एकही नाही? माझ्या ओळखीत सगळे सांगतात की सार्वजनिक वायफायवर बँकेचं काम करू नका.

जुनं_खोड (सोमवार, २२:४०)

हरणीताई, आपली भीती निराधार नाही, परंतु ती जुनी आहे. मी तिचा जन्म पाहिला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने 'फायरशीप' नावाचे एक छोटे जोडसाधन फायरफॉक्स ब्राउझरसाठी प्रसिद्ध केले. ते बसवून एखाद्या खुल्या वायफायवर जाऊन बसायचे आणि एक बटण दाबायचे. ब्राउझरच्या डाव्या बाजूच्या पट्टीत त्या खोलीतील लोकांची नावे, छायाचित्रांसह, एकेक करून उगवू लागत. एखाद्या नावावर दोनदा टिचकी मारली की त्याच्या फेसबुक खात्यात आपण! पासवर्डची गरजच नाही. मी हे स्वतःच्याच दोन लॅपटॉपवर करून पाहिले होते आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण साधे होते. त्या काळी बहुतेक संकेतस्थळे पासवर्ड घेताना तेवढी कुलूप लावत. एकदा आत घेतले की पुढे ओळखीसाठी दिलेली चिठ्ठी, जिला कुकी म्हणतात, ती उघड्यावर ये-जा करी. खुल्या वायफायवरील हवा सर्वांचीच, चिठ्ठी कोणीही उचलावी. बटलर यांना चोरी शिकवायची नव्हती, कंपन्यांना लाज आणायची होती. आणि ती आली. जीमेलने त्याच वर्षी जानेवारीत सर्वांसाठी एचटीटीपीएस आधीच सुरू केले होते. फेसबुकने २०१३ मध्ये केले. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' या सेवेने कुलपासाठी लागणारी, संकेतस्थळाची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे फुकट वाटण्यास आरंभ केला, तेव्हा लहानसहान संकेतस्थळांचीही सबब संपली. जुलै २०१८ पासून क्रोम कुलूप नसलेल्या प्रत्येक पानावर 'नॉट सिक्युअर' असा शेरा मारू लागला.

त्यामुळे आज शेजारच्या खुर्चीवरील भामट्याला तुमच्या बँकेचा पासवर्ड हवेतून टिपता येत नाही. त्याला फार तर तुम्ही कोणत्या बँकेच्या संकेतस्थळावर गेलात हे कळेल, आत काय केलेत ते नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही २०२३ मध्ये आपला ग्राहकांसाठीचा सल्ला बदलून सार्वजनिक वायफाय आता सहसा सुरक्षित असते, असेच लिहिले. साप म्हणून भुई धोपटण्याचे दिवस गेले.

सावध_हरणी (सोमवार, २२:५८)

'सहसा'! त्या सहसाच्या बाहेर जे उरतं त्याचं काय?

वायरवाला (मंगळवार, ०९:१०)

हरणीताई, बरोब्बर शब्द पकडलात. जुन्या खोडांनी सांगितलं ते हवेतल्या चोरीबद्दल. उरलेली चोरी पानावर होते.

२०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय पोलिसांनी एका माणसावर आरोप ठेवले. तो विमानतळांवर आणि देशांतर्गत विमानांत स्वतःचा छोटा वायफाय डबा घेऊन जायचा आणि त्याला खऱ्या वायफायचंच नाव द्यायचा. लोक जोडायचे, समोर लॉगिनचं पान यायचं आणि ते पान मागायचं ईमेल नाहीतर समाजमाध्यमाचा पासवर्ड. लोक द्यायचेही. त्याला कुठलंही कुलूप तोडावं लागलं नाही, किल्ली मागितली आणि मिळाली. विमानातल्या कर्मचाऱ्यांना एक अनोळखी वायफाय दिसलं म्हणून तक्रार झाली आणि तो सापडला.

वायफायचं नाव म्हणजे दुकानाची पाटी. कुणीही रंगवून लावू शकतो. त्यामुळे माझा नियम एकच: लॉगिनच्या पानाने कार्डाचा नंबर, खोलीचा नंबर, फार तर ईमेलचा पत्ता मागावा. ईमेलचा पासवर्ड मागितला की तिथूनच माघारी.

आणि लॉगिन झाल्यावर बँकेच्या पानावर ती 'तुमची जोडणी खाजगी नाही'वाली लाल पाटी आली तर 'तरीही पुढे जा' चुकूनही दाबायचं नाही. कुणी मधे बसलाच असेल तर त्याला आत घ्यायचा एकमेव दरवाजा तो.

नवखा_०७ (मंगळवार, ०९:३५)

भिंतीवर पासवर्ड लिहिलेला असतो ते वायफाय तरी सुरक्षित ना? तिथे कुलूप दिसतं नावापुढे.

वायरवाला (मंगळवार, ०९:५०)

एकच किल्ली शंभर जणांकडे असेल तर ते कुलूप कितीसं? डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे अशा वायफायच्या नेहमीच्या कुलपात, ज्याला तो पासवर्ड माहीत आहे आणि जो तुम्ही जोडता त्या क्षणी ऐकत बसलाय, त्याला तुमची वाहतूक उलगडता येते. अर्थात आतलं एचटीटीपीएस शाबूत राहतं. २०१८ ला आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही फट बुजवलीय. त्याच सुमारास बिनपासवर्डच्या वायफायसाठीही 'एन्हान्स्ड ओपन' नावाची सोय आली. काही विचारत नाही, पण प्रत्येकाशी वेगळ्या किल्लीने बोलते. फक्त समोरचा डबा खरा की खोटा ते तिलाही कळत नाही.

नवखा_०७ (मंगळवार, १०:०२)

आमच्या विद्यापीठात एड्युरोम (विद्यापीठांचं सामायिक वायफाय) आहे. वरिष्ठ म्हणतात एकदा जोडलं की जगात कुठल्याही विद्यापीठात आपोआप चालतं. खरं का?

जुनं_खोड (मंगळवार, १०:४०)

खरे आहे, जे विद्यापीठ त्या व्यवस्थेत आहे तिथे. शंभरांहून अधिक देशांत ती आहे. तुम्ही परक्या विद्यापीठात लॅपटॉप उघडलात तरी तुमची ओळख तपासायला विचारणा जाते ती तुमच्या स्वतःच्या विद्यापीठाकडे. यजमानाला तुमचा पासवर्ड दिसतच नाही. मात्र जोडणी करताना 'सर्टिफिकेट तपासू नका' असे काही वरिष्ठ सुचवतात, ते मुळीच ऐकू नका. ते प्रमाणपत्र तपासल्यानेच खोटे एड्युरोम ओळखू येते. विद्यापीठाने दिलेले मांडणी-साधन वापरा, हाताने खटपट नको.

मेघछाया (मंगळवार, ११:१५)

व्हीपीएनवर कुणी बोललं नाही. मी तर चालू ठेवूनच जोडते.

पेंग्विनदास (मंगळवार, ११:३०)

चालू ठेवून पोर्टलच्या पानापर्यंत पोचता कशा? 'व्हीपीएन तुटलं तर सगळं बंद' असं बटण असतं ना, ते लावलं असेल तर आधी लॉगिन, मग व्हीपीएन हाच क्रम. नाहीतर शेवंतीताईंचंच चक्र पुन्हा.

बाकी व्हीपीएन म्हणजे विश्वासाची जागा बदलणं. वायफायवाल्याला काही दिसत नाही, व्हीपीएनवाल्याला दिसतं. कार्यालयाचं असेल तर उत्तम. फुकटचं कुणाचं तरी असेल तर मी त्यापेक्षा वाचनालयावर विश्वास ठेवेन.

दीडदमडी (मंगळवार, ११:४४)

मी एका हॉटेलात जोडलं होतं तेव्हा पानावर "तुमचं व्हिडिओ चालवायचं साधन जुनं झालंय, इथून अपडेट करा" असं आलं होतं. मी आळशी म्हणून केलं नाही. आळस कधी कधी कामाला येतो.

जुनं_खोड (मंगळवार, १२:१०)

तुमच्या आळसाला नमस्कार. २०१४ मध्ये कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीने 'डार्कहोटेल' नावाने जे प्रकरण उघड केले ते नेमके असेच होते. हॉटेलच्या वायफायवर उतरलेल्या निवडक बड्या अधिकाऱ्यांना ओळखीच्या सॉफ्टवेअरचे खोटे अपडेट देऊ केले जाई आणि त्यातून हेरगिरीची साधने लॅपटॉपवर बसत. तुम्ही बडे अधिकारी नसाल, तरी प्रवासात पानावरून आलेले अपडेट घेऊ नये. निघण्यापूर्वी घरीच घ्यावे.

शेवंती (मंगळवार, १३:०५)

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आज पान आलं, पण म्हणतं, "या कार्डावर तीन उपकरणं नोंदलेली आहेत." अहो, माझ्याकडे लॅपटॉप आणि मोबाइल, दोनच! तिसरं कुठून काढलं?

वायरवाला (मंगळवार, १३:२०)

हार्डवेअर प्रॉपर्टीजच्या आधीच्या पानावर 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' दिसतंय का? आणि वाचनालयाच्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये त्याच्यापुढे काय आहे?

शेवंती (मंगळवार, १३:२४)

'चेंज डेली'.

भाचा!!

वायरवाला (मंगळवार, १३:४०)

हो, भाचेबुवाच. हेतू पुन्हा चांगलाच. प्रत्येक वायफाय कार्डाला कारखान्यात एक मॅक पत्ता मिळतो. तो कायम तोच असल्यामुळे दुकानंबिकानं माणसाचा माग काढत. म्हणून अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल आपोआप खोटा पत्ता सांगू लागले, पण प्रत्येक वायफायसाठी ठरलेला. विंडोजमध्येही ती सोय आहे, आणि 'चेंज डेली' केलं तर तो पत्ता रोज बदलतो.

पोर्टल तुम्हाला या पत्त्यावरूनच ओळखतं. काल एक लॅपटॉप, आज दुसराच, आणि मोबाइल. त्याच्या हिशोबात तीन. तिथे नुसतं 'ऑन' करा. मग या वायफायपुरता एकच पत्ता राहील. जुनी नोंद काउंटरवरच्या ताईंना काढायला सांगा.

तिथे आहातच तर 'पब्लिक नेटवर्क' निवडलेलं आहे ना तेही बघून घ्या. 'प्रायव्हेट' असेल तर तुमचा लॅपटॉप शेजाऱ्यांना आपली ओळख करून देत बसतो. आणि रंगकाम संपलं की हे वायफाय 'फर्गेट' करा, नाहीतर त्या नावाची पाटी कुणीही लावली तरी लॅपटॉप आपणहून आत शिरेल.

नवखा_०७ (मंगळवार, १४:००)

अजून एक. सगळं जोडलं जातं पण रखडतं, त्यावर काही?

पेंग्विनदास (मंगळवार, १४:१५)

जागा बदला, डब्याजवळ बसा. यादीत ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव असेल तर ते घ्या. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. खोलीभर माणसांनी तेवढ्यात बोलायचं. त्यात एका वेळी एकालाच बोलता येतं, आणि दूर कोपऱ्यात बसलेला हळू बोलणारा सगळ्यांचाच वेळ खातो.

मेघछाया (मंगळवार, १४:२२)

वाचनखूण साठवली.

शेवंती (बुधवार, १६:५०)

मजकूर गेला! वेळेआधी तीन तास. काउंटरवरच्या ताईंनी जुनी नोंद काढली, वर "हे रोज बदलण्याचं काय ते लिहून द्या, अजून चारजणांची तक्रार आहे" म्हणाल्या. वायरवालांचा प्रतिसाद वाचून दाखवला.

भाच्याला फोन केला होता. म्हणाला, "मावशी, पण आता तुझी प्रायव्हसी?" म्हटलं, ये आणि रंगाऱ्यांवर लक्ष ठेव, माझी प्रायव्हसी मी बघते.

शेवंती (बुधवार, १७:०४)

वरचा प्रतिसाद पाठवण्याआधी एक भलामोठा लिहिला होता, प्रत्येकाचे नाव घेऊन आभार. 'पाठवा' दाबलं आणि तेवढ्यात वाचनालयाची दोन तासांची मुदत संपली. पान गेलं, आभार गेले. परत लॉगिन करून हे थोडक्यात लिहिलं.

वायरवाला (बुधवार, १७:०९)

'मागे' बटण दाबून बघितलंत का? बऱ्याचदा लिहिलेलं तिथेच असतं.

शेवंती (बुधवार, १७:११)

आहे!! पण आता ताई दिवे बंद करतायत. उद्या टाकते.